रोग कोणी आणला?

गावात साथ शिरली म्हणजे लोकांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो 'आता काय करावे' हा नव्हे. 'ही आणली कोणी' हा. उपाय वैद्यास विचारावयाचा असतो. हा दुसरा प्रश्न मात्र ज्याने त्याने ज्याला त्याला विचारावा, आणि त्याचे उत्तरही विचारणाराच्याच पदरी तयार असावे, असा प्रघात दिसतो. उत्तरात ज्याचे नाव येते तो मनुष्य बहुतकरून परगावचा, नुकताच आलेला आणि गावात ज्याची बाजू घेणारे कोणी नाही असा असतो. हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. माझी आजी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या प्लेगाच्या गोष्टी सांगत असे. घरांना कुलपे ठोकून माळावर झोपड्या बांधून राहिलेले गाव, मेलेला उंदीर दिसताच उठलेला हलकल्लोळ, हे सारे त्यांत असे. पण तिच्या प्रत्येक गोष्टीत प्लेग कोणीतरी आणलेला असे : कधी मुंबईहून परतलेल्या जावयाने, कधी फेरीवाल्याच्या कापडाच्या गाठोड्याने. आपणहून आलेला प्लेग तिच्या गोष्टीत एकही नव्हता.

या प्रश्नास आजवर गावाने आपल्या मगदुराप्रमाणे उत्तर दिले. अलीकडे शास्त्रही तो प्रश्न हाती घेऊ लागले आहे, निदान तसे वाटते खरे. रोग्याच्या घशातला किंवा विष्ठेतला विषाणू घ्यावा, त्याच्या अंगची जनुकीय अक्षरे वाचावी, ती दुसऱ्या ठिकाणच्या विषाणूंशी ताडून पाहावी आणि कोण कोणाचा भाऊबंद ते ठरवावे, अशी ही विद्या आहे. ती आता इतकी सुलभ झाली आहे की तिच्या नावाने काय सिद्ध होते आणि काय होत नाही, याचा विचार तर्कशास्त्र शिकविणाऱ्या माझ्यासारख्यासही टाळता येत नाही. शिवाय मजजवळ या विचाराला एक खाजगी कारणही आहे. ते पुढे सांगतो. ते सांगण्यात मला काही भूषण वाटत नाही.

ज्या रोगाविषयी लिहावयाचे आहे तो तसा सौम्य आहे. लहान मुलांना एकदोन दिवस ताप येतो, तोंड येते, मूल घास घेईनासे होते. मग तळहातांवर, तळपायांवर, कधी ढुंगणावर बारीक फोड उठतात आणि आठदहा दिवसांत सारे आपोआप निवळते. डॉक्टरांनी त्याचे नावच 'हात, पाय आणि तोंड यांचा रोग' असे ठेवले आहे. हे नाव ऐकून आमच्या घोडेगावात एका वृद्ध शेतकऱ्याने मला विचारले, "म्हणजे जनावरांचं लाळ्या-खुरकूतच ना, सर?" त्याला मी हसलो नाही, कारण त्याचा तर्क अगदीच निराधार नव्हता. हे दोन्ही विषाणू एकाच मोठ्या कुळातले आहेत. पण शाखा भिन्न आहेत. गाईबैलांचा रोग मुलांना होत नाही आणि मुलांचा गोठ्यात जात नाही. मुलांच्या रोगाचा विषाणू आतड्यात वाढणाऱ्या विषाणूंच्या शाखेतला असून त्याचा जवळचा नातलग म्हणजे पोलिओचा विषाणू होय. नावाने जवळचा वाटतो तो नात्याने दूरचा, आणि ज्याचे नावही कोणी घेत नाही तो सख्ख्यासारखा. माणसांतही असे पुष्कळदा आढळते.

नावांचाच विषय निघाला आहे तर थोडे विषयांतर करतो. या रोगाच्या विषाणूंपैकी एक मोठा गट 'कॉक्सॅकी' या नावाने ओळखला जातो. कॉक्सॅकी हे अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी असलेले एक लहानसे गाव. तेथील दोन आजारी मुलांच्या विष्ठेतून गिल्बर्ट डॉलडॉर्फ आणि ग्रेस सिकल्स या संशोधकांनी एक नवा विषाणू वेगळा काढला आणि 1948 साली त्याची हकिगत प्रसिद्ध केली. गावाचे नाव विषाणूस चिकटले ते आजतागायत निघालेले नाही. त्या गावाने विषाणू निर्माण केला नव्हता. तो तेथे प्रथम पाहिला गेला, एवढाच गावाचा संबंध. 1957 साली टोरोंटोत, 1959 साली बर्मिंगहॅममध्ये याच गटातील विषाणूने मुलांना फोड आले आणि रोगाला आजचे नाव मिळाले. कॅलिफोर्नियात 1969 साली प्रथम हाती लागलेला एन्टेरोव्हायरस 71 हा त्याचा भाऊबंद मात्र स्वभावाने क्रूर निघाला. 1998 साली तैवानात त्याने 78 मुलांचा बळी घेतला. आपल्या देशात हा रोग 2003 साली केरळातील कालिकत येथे नोंदला गेला, आणि 2005-06 च्या सुमारास नागपुरातही त्याची साथ आढळली.

पुढे 2022 साली केरळातील कोल्लम जिल्ह्यात मुलांच्या अंगावर लालबुंद फोड दिसू लागले आणि कोणीतरी त्यास 'टोमॅटो ताप' म्हटले. नाव चटकदार असल्यामुळे देशभर पसरले. केरळातून इंग्लंडला परतलेल्या दोन लहान मुलांना तेच फोड उठले. तेथे विषाणूची अक्षरे वाचली तेव्हा तो जुनाच कॉक्सॅकी ए-16 निघाला. टोमॅटोचा त्यात काडीइतका संबंध नव्हता. परंतु आमच्या जुन्नर-आंबेगावकडील मनुष्यास हे नाव ऐकून हसू येणार नाही. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार येथून फार दूर नाही. 2020 च्या उन्हाळ्यात टोमॅटोच्या पिकावर विषाणूचा रोग पडला असता तो माणसासही बाधतो अशी आवई उठली होती, आणि तोडलेला माल घ्यावा कोणी या विवंचनेत शेतकऱ्यांनी काढलेले ते दिवस इकडे अजून विसरले गेलेले नाहीत. नाव ठेवणाराचे काही जात नाही. ज्याचे नाव ठेवले जाते त्याचे जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली रोगांना गावांची, माणसांची किंवा प्राण्यांची नावे देऊ नयेत असा संकेत घालून दिला, तो यासाठीच.

आता माझी हकिगत.

घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचे ठाणे. ज्या आंबेगावावरून तालुक्यास नाव पडले ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, नाव उरले. धरणाच्या पाण्याने खालच्या अंगाला ऊस आला, आणि उसामागोमाग दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे बीड-नगरकडील ऊसतोडणीच्या टोळ्या येतात आणि शेताच्या कडेला कोप्या घालून राहतात. आमचे वडिलोपार्जित घर येथे आहे. नोकरीनिमित्त मी पुण्यास असतो; दिवाळी मात्र गावी होते. दोन वर्षांपूर्वी वसुबारसेला माझी मुलगी आपल्या साडेतीन वर्षांच्या मुलीला घेऊन आली. पोरीला थोडी कणकण होती. पुण्यात तिच्या बालवर्गातील काही मुलांना फोड आल्याचा निरोप शाळेने पाठविला होता, हे मुलीने बोलताबोलता सांगितले. धनत्रयोदशीला नातीच्या तळहातावर फोड दिसले. मी दोनचार ठिकाणी वाचून पाहिले आणि रोग कोणता ते ओळखले. तो सौम्य आहे हेही वाचले, आणि संसर्गजन्य आहे हेही वाचले. पण दिवाळीत पोरीला घरात कोंडावयाचे कसे? ती आळीतल्या मुलांबरोबर किल्ल्याच्या मातीत खेळत राहिली. भाऊबीजेच्या सुमारास आळीतील आणखी तीन घरी मुलांची तोंडे आली. कोणी त्याला उष्णता म्हटले, कोणी फराळाच्या तेलाला नावे ठेवली.

टोळी आली ती भाऊबीजेनंतर. कोपीवरील एका बाईचा चार वर्षांचा मुलगा जवळच्या अंगणवाडीत जाऊन बसू लागला. सुट्टी संपून अंगणवाडी भरली त्यानंतर सातआठ दिवसांनी त्याच्या पायांवर फोड उठले. आमच्या मुलांचे फोड घरात झाकले गेले होते. त्याचे सर्वांनी पाहिले, कारण त्याच्या पायांत काही नव्हते. एका दिवसात ठरून गेले की रोग कोपीवरून आला. आयांनी आग्रह धरला की त्या मुलाला बसू देऊ नये, आणि त्याला घरी पाठविण्यात आले. संध्याकाळी त्याची आई आमच्या ओट्यापाशी आली. मी पुण्याचा प्राध्यापक आहे हे तिला कोणी सांगितले होते कोण जाणे. ती म्हणाली, "सर, तुम्ही शिकलेली माणसं. आमचं लेकरू हितं आल्यावर आजारी पडलं, एवढं तुम्ही त्यांना सांगा."

मी म्हणालो, "बघतो."

त्यानंतर मी काहीही केले नाही. चारपाच दिवसांनी मुकादमाने त्या कुटुंबाला दुसऱ्या फडावर हलविले.

पुण्यास परत आल्यावर मला जी तळमळ लागली तिचे स्वरूप सांगण्यासारखे आहे. माझा एक जुना विद्यार्थी विषाणूंच्या प्रयोगशाळेत काम करतो. 1952 साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून पुण्यात ज्या संस्थेची स्थापना झाली आणि जिला आज राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणतात, तिच्यामुळे हा विषय पुण्यास नवा नाही. आतड्यातील निरनिराळ्या विषाणूंमुळे आपल्याकडे मुलांचा हा रोग होतो, हे अक्षरे वाचून दाखविण्याचे कामही तेथे झाले आहे. विद्यार्थ्यास गाठून मी विचारले की अशा साथीत पहिला विषाणू कोठून आला हे तुम्हांला काढता येईल काय? त्याने मला शांतपणे जे समजावून दिले ते असे.

या विषाणूच्या अंगी सुमारे 7,400 अक्षरांचा एक मजकूर असतो. विषाणू वाढतो म्हणजे या मजकुराच्या नकला होतात, आणि नक्कल करणारा लेखक बेफिकीर असल्यामुळे चुका राहून जातात. आपल्या जुन्या पोथ्यांचे पाठभेद लावणारे पंडित जसे एकाच चुकीच्या आधारे दोन पोथ्या एका घराण्यातल्या ठरवितात, तसेच येथे करावयाचे. वंश ठरविण्यासाठी बहुधा मजकुराचा एकच भाग घेतात. कवचाच्या एका प्रथिनाचा हा भाग एन्टेरोव्हायरस 71 मध्ये 891 अक्षरांचा आहे, आणि त्यात वर्षाकाठी सरासरी चारएक अक्षरे बदलतात. तेव्हा दोन प्रांतांत, दोन वर्षांत किती अंतर पडले हे त्यावरून चांगले कळते. पण एका आळीत पंधरा दिवसांत? त्या भागात एक अक्षरही बदललेले नसण्याचाच संभव अधिक. सबंध मजकूर वाचला तरी पंधरवड्यात एखाददुसरा फरक मिळणार. सर्व मुलांचा विषाणू एकच निघेल, आणि मग कोणी कोणास दिला हे त्यातून वाचता यावयाचे नाही. एखाद्याचा विषाणू अगदीच निराळा निघाला तर 'याने त्याला दिला नाही' असे मात्र छातीठोकपणे सांगता येते. नकार देण्यात ही विद्या पटाईत आहे. होकार देताना ती फार जपून बोलते. त्यातून आणखी एक गोष्ट अशी की रोग न दिसताही विषाणू अंगी असू शकतो, आणि विष्ठेतून तो कित्येक आठवडे जात राहतो. मोठ्या माणसांत तर तो बहुधा दिसतच नाही. "सर, तुमच्या घरात तो तुम्ही स्वतःही नेलेला असू शकेल," विद्यार्थी हसून म्हणाला.

मी म्हणालो, तरीही नमुने घेऊन पाहता येईल ना? तेव्हा त्याने विचारले, "येईल. पण नमुना घ्यायचा तर त्या मुलांच्या आईबापांची परवानगी लागेल. त्यांना कशासाठी म्हणून सांगू?"

या प्रश्नावर मला उत्तर सुचले नाही. ऊसतोड्याच्या मुलाचा निर्दोषपणा सिद्ध करण्यासाठी, असे म्हणावे, तर त्याला प्रयोगशाळेची गरजच नव्हती. आळीतील मुले भाऊबीजेला आजारी होती, टोळी त्यानंतर आली आणि मुलाला फोड आणखी आठवड्याने उठले. विषाणू अंगात शिरल्यापासून रोग दिसेपर्यंत साधारण 3 ते 6 दिवस जातात. एवढा हिशेब दिनदर्शिका जाणणाऱ्या कोणासही करता आला असता, आणि तो मी मनात केलेलाही होता. मग मला सात हजार अक्षरांचा पुरावा हवा होता तो कशासाठी? तर त्या दिवाळीत मुंबईहून आणखी दोन कुटुंबे आळीत आली होती, आणि रोग कदाचित त्यांच्याकडून आला असेल, आमच्या नातीकडून नसेल, असे कोणीतरी मला सांगावे यासाठी. त्या मुलासाठी मी न्याय मागत नव्हतो. स्वतःसाठी सुटका मागत होतो.

येथून खरा नैतिक प्रश्न सुरू होतो. 'आणला कोणी' या दोन शब्दांत दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. एक कारणाचा, दुसरा अपराधाचा. आपल्या नैयायिकांनी कारण कशास म्हणावे याची फार बारकाईने छाननी केली आहे. घट होण्यापूर्वी जे जे हजर असते ते सारे घटाचे कारण नव्हे, हे सांगताना ते 'अन्यथासिद्ध' अशी एक कोटी करतात. कुंभार हे घटाचे कारण. पण कुंभाराचा बाप अन्यथासिद्ध, आणि ज्याच्या पाठीवरून माती आली तो गाढवही अन्यथासिद्ध. वर्गात हा दृष्टांत सांगताना मुले गाढवाला हसतात. गाव साथीचे कारण शोधते तेव्हा नेमकी उलट चाल करते. कुंभार दिसत नाही, म्हणून दिसेल त्या गाढवाला धरते आणि माती वाहिल्याबद्दल झोडपते. अर्थात दृष्टांत येथे पुरता लागू पडत नाही हे मला कळते. साथीच्या साखळीतील मूल हे खरोखरच एक दुवा असते. ते वगळले तर पुढचा दुवा कदाचित जोडला गेला नसता. ते कारण आहे. पण कारण असणे आणि अपराधी असणे यांत अंतर आहे. अपराधास दोन गोष्टी लागतात : जाणीव, आणि दुसरे काही करता येण्याजोगी वाट. चार वर्षांच्या मुलास दोन्ही नसतात. शास्त्र विषाणूंचे नाते सांगते, माणसांचे व्यवहार सांगत नाही. आणि अपराध व्यवहारात असतो, नात्यात नसतो.

हा भेद न ओळखल्यामुळे केवढा अनर्थ होतो याचे एक उदाहरण अलीकडच्या इतिहासात आहे. अमेरिकेत एड्सचा रोग प्रथम ओळखला गेला तेव्हा गेटन ड्युगास नावाच्या एका कॅनेडियन विमानसेवकाची माहिती चौकशीत नोंदली गेली. तो कॅलिफोर्नियाबाहेरचा, म्हणून 'बाहेरचा' या अर्थी त्याच्या नोंदीवर इंग्रजी 'ओ' हे अक्षर घातले होते. ते अक्षर पुढे शून्य म्हणून वाचले गेले आणि तो 'शून्य क्रमांकाचा रोगी', म्हणजे साऱ्या साथीचा मूळ पुरुष ठरला. तो 1984 साली वारला. 1987 साली एका गाजलेल्या पुस्तकाने त्याचे नाव घरोघर पोचविले, तेव्हा उत्तर द्यावयास तो उरला नव्हता. 2016 साली मायकेल वोरोबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या साठविलेल्या रक्तद्रवांतील विषाणूंची अक्षरे वाचली. त्याचा विषाणू वंशवृक्षाच्या मुळाशी नव्हे, मध्येच कोठेतरी एका फांदीवर निघाला. आणि रोग तर अमेरिकेत 1970 च्या आगेमागेच येऊन पोचला होता. शास्त्राने त्या मनुष्यास मुक्त केले, असे वर्तमानपत्रांनी लिहिले. पण मला असे विचारावेसे वाटते की तो विषाणू मुळाशी निघाला असता तर? ज्या रोगाला अद्याप नाव नव्हते, ज्याचा प्रसार कसा होतो हे कोणास ठाऊक नव्हते, तो नकळत नेणारा पहिला मनुष्य तो दहाव्या मनुष्याहून अधिक अपराधी कसा ठरला असता? आपण त्याला सोडले ते चुकीच्या कारणासाठी सोडले.

याच्या उलट बाजूस मेरी मॅलनची हकिगत आहे. न्यूयॉर्कमधील ही स्वयंपाकीण स्वतः धडधाकट असून विषमज्वराचे जंतू अंगी वागवीत होती. 1907 साली तिचा माग लागला आणि तिला एका बेटावर अडकवून ठेवण्यात आले. तोपर्यंत तिच्या हातून झालेल्या साऱ्या आजारांत ती कारण होती, अपराधी मुळीच नव्हती. 1910 साली पुन्हा स्वयंपाक न करण्याच्या बोलीवर तिला सोडले. 1915 साली ती नाव बदलून एका प्रसूतिगृहात स्वयंपाक करताना सापडली. या दोन सालांच्या मध्ये विषाणू-जंतूंच्या शास्त्रदृष्ट्या काहीच बदलले नव्हते. बदलले होते ते इतकेच की तिला सांगितले गेले होते. ती पोटासाठी तसे करीत होती, आणि आपल्या अंगी रोग आहे हे तिला कधीच पटले नाही, हेही खरे. म्हणून तिच्याविषयी निवाडा देताना माझा हात थरथरतो. पण जाणीव आल्याबरोबर जबाबदारी कोठून सुरू होते ती रेघ तिच्या आयुष्यात स्पष्ट दिसते. पुढे 1938 साली ती त्या बेटावरच वारली.

यावरून असा माग काढूच नये असे कोणी म्हणेल तर ते मला मान्य नाही. त्याला उत्तर मुंबईत परळ येथे मिळते. तेथील आंत्रविषाणू संशोधन केंद्रात, जे आता पुण्याच्या संस्थेचाच मुंबई विभाग आहे, पोलिओच्या विषाणूंची अक्षरे वर्षानुवर्षे वाचली गेली. 2001 पासून तर मुंबईच्या सांडपाण्याचे नमुनेही तपासले जाऊ लागले. पोलिओचे वैशिष्ट्य असे की विषाणू अंगी शिरलेल्या सुमारे दोनशे मुलांपैकी एखादेच लुळे पडते. बाकीची त्याला वाहतात आणि कोणास पत्ता लागत नाही. म्हणून मूल लुळे पडण्याची वाट न पाहता गटाराचे पाणी तपासावयाचे. त्या पाण्यात सापडलेल्या विषाणूंचे नाते उत्तर प्रदेश-बिहारकडील विषाणूंशी जुळे. आता त्या काळी मुंबईत परप्रांतीयांविषयी कडू बोलणे काही कमी नव्हते. हे ज्ञान त्या आगीत तेल म्हणून सहज ओतता आले असते. कार्यक्रम चालविणारांनी त्याचा उपयोग निराळा केला. विषाणू कोठून येतो हे कळले, म्हणून लसीचे थेंब तेथे अधिक जोमाने पोचविले. आगगाडीत, स्थानकांवर, वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर मुले गाठून त्यांना थेंब पाजले. 13 जानेवारी 2011 रोजी हावडा येथे एका मुलीस झालेला पोलिओ हा देशातील नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रोगी ठरला, आणि 27 मार्च 2014 रोजी देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. 'कोठून आला' हा तोच प्रश्न, पण विचारणाराच्या हातात काठी नव्हती, थेंबांची कुपी होती.

मग माझ्या हातात काय होते? मी माझ्या पुरता हिशेब मांडून पाहिला. नात निरपराध आहे, तिच्याविषयी बोलावयासच नको. माझ्या मुलीस शाळेचा निरोप मिळाला होता, पण साधी कणकण पाहून दिवाळीचा प्रवास कोणती आई टाळील? तिचा दोष असलाच तर हलका. माझे तसे नाही. धनत्रयोदशीला मी रोग ओळखला होता. पोरीला चार दिवस अंगणाबाहेर जाऊ न देणे अवघड असले तरी अशक्य नव्हते. तथापि हाही दोष मी एक वेळ पोटात घालीन. रोग सौम्य होता, सारी मुले बरी झाली. जे पोटात घालता येत नाही ते पुढचे आहे. ती बाई ओट्यापाशी आली तेव्हा तिला हवे होते ते एक वाक्य. तिला विषाणूचा वंशवृक्ष नको होता. ते वाक्य खरे आहे हे आळीत माझ्याइतके पक्के कोणासही ठाऊक नव्हते, आणि ते बोलावयाचे तर त्यापुढचे वाक्य आमच्या घराविषयीचे होते.

त्या वेळी माझ्या तर्कशास्त्राने मला एक चांगली सबब पुरविली. मी मनाशी म्हणालो की, खरे सांगून दोष नाहीसा होणार नाही. तो केवळ कोपीवरून उठून आमच्या ओट्यावर येऊन बसेल. एकाचा अन्याय दुसऱ्याकडे ढकलण्यात काय नीती आहे? युक्तिवाद बिनतोड दिसतो. पण त्यात एक गोष्ट सोडून दिलेली आहे. आमच्या ओट्यावर तो दोष आला असता तर काय झाले असते? दोनचार दिवस शेजारणी फराळाची ताटे पाठवावयाच्या थांबल्या असत्या. कोणी पाठीमागे 'पुण्याचे शहाणे' म्हणून हसले असते. घराला चार पिढ्यांची भिंत आहे, ती असल्या धक्क्याने हलली नसती. कोपीची भिंत पाचटाची असते. तोच दोष तेथे ठेवल्याबरोबर मुलाची अंगणवाडी गेली, दुपारचा खाऊ गेला, आणि आईबापांना मांडलेली चूल उचलावी लागली. दोषाचे वजन सर्वत्र एकच असले तरी तो वाहणाऱ्यांच्या पाठी सारख्या नसतात, हे न्यायाच्या माझ्या हिशेबात धरले गेलेच नव्हते.

आणखी एक शंका माझ्या एका मित्राने काढली. तो म्हणाला, तुम्ही बोलला असतात तरी त्यांनी ऐकले नसते. असेल. पण हे भाकित खरे की खोटे हे पाहण्याचा एकच मार्ग होता, आणि तो मी स्वतःच बंद केला होता.

यंदा दिवाळीला गावी गेलो तेव्हा फराळ देण्याच्या निमित्ताने त्या अंगणवाडीत गेलो. सेविकाबाई त्याच आहेत. मी विषय काढला आणि दोन वर्षांपूर्वीची फोडांची साथ आठवते काय, असे विचारले. "आठवते ना, सर," त्या म्हणाल्या, "कोपीवाल्यांमुळं आली होती, तीच ना?" मी त्यांना सारा क्रम सांगितला : आमच्या नातीचे फोड, भाऊबीज, टोळी येण्याचा दिवस आणि त्या मुलाचे पाय. त्या मुलाविषयी विचारले तर त्यांना ते मूल नीटसे आठवत नव्हते. एक होते खरे, म्हणाल्या, नाव नोंदवायचेच राहिले होते. माझे बोलणे त्यांनी अदबीने ऐकून घेतले. "असेल, सर," एवढे म्हणून त्या आत मुलांची ताटे मांडावयास गेल्या. दारात नव्या टोळीतील दोन मुले उभी होती. त्यांना बसवावयाचे की नाही हे बहुधा अजून ठरावयाचे होते, कारण ती चपलांपाशीच उभी होती आणि आत पाहत होती.